'सर' की 'अश्विन'? लपवलेल्या प्रेमाने जात मोडत नाही

'प्रेमाला जात नसते, वर्ग नसतो' हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालं आहे. रील्समध्ये ते असतं, मालिकांच्या जाहिरातीत असतं, आणि आपल्या चळवळीतली मुलंमुलीही ते हौसेने स्टेटसला ठेवतात. या वाक्याला माझा आक्षेप आहे. प्रेमाला जात नसेलही. पण प्रेम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या नावावर घर आणि दुसरीच्या हातात त्या घराची फरशी पुसायचं फडकं, हे कोणी ठरवलं? प्रेमाने ठरवलेलं नाही. मग प्रेम झालं म्हणून ते आपोआप पुसलं जाईल असं आपण का मानतो?

मालक आणि मोलकरीण यांच्यातल्या गुपचूप प्रेमाची गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ती सगळ्यांना आवडते. श्रीमंत माणूस, गरीब बाई, मध्ये भिंत आणि भिंतीपलीकडे दोन हळवी मनं. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याला वाटतं, आपण किती पुरोगामी. माझं म्हणणं असं की, ही गोष्ट व्यवस्थेविरुद्धचं बंड नाही. व्यवस्थेने स्वतःच ठेवलेली ती एक जुनी चोरवाट आहे. चोरवाटेने कितीही माणसं ये-जा करोत, मुख्य दरवाजा बंदच राहतो.

चित्रपट काय दाखवतो आणि काय झाकतो

रोहेना गेरा यांचा 'सर' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २०१८ मध्ये तो कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि आपल्याकडच्या चित्रपटगृहांत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आला. तिलोत्तमा शोमने साकारलेली रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेली तरुण विधवा. मुंबईतल्या उंच इमारतीत अश्विन नावाच्या बिल्डर घराण्यातल्या तरुणाकडे ती राहून काम करते. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं आहे. तिला शिवणकाम शिकून फॅशन डिझायनर व्हायचं आहे. एकाच घरात राहता राहता दोघं जवळ येतात.

चित्रपट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. रत्ना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवते, हे तो दाखवतो. कपड्यांच्या महागड्या दुकानात ती नुसती शिरली तरी तिला हाकललं जातं, हेही दाखवतो. गावाबाहेर पडल्यावर बसमध्ये ती हातात बांगड्या घालते, त्या एका दृश्यात विधवेवरची अख्खी पहारेदारी येते. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे रत्ना 'नाही' म्हणते. साहेब प्रेमाने बोलतो आहे, त्याचा हेतूही वाईट नाही, तरीही तिला कळतं की या घरात आपण त्याची 'बाई' होऊ, बायको होणार नाही. ती बॅग भरते आणि निघून जाते.

आता शेवट आठवा. अश्विन अमेरिकेला परत गेलेला आहे. रत्नाला दुसरीकडे, तिच्या आवडीचं काम मिळालं आहे. त्याचा फोन येतो आणि ती पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारते. अनेकांना हा शेवट काव्यमय वाटला. मला तो हिशेबाच्या वहीतल्या नोंदीसारखा स्पष्ट वाटतो. 'सर'चा 'अश्विन' कधी झाला? जेव्हा तो तिचा पगार देणारा राहिला नाही, तेव्हा. जोपर्यंत तिची भाकरी आणि तिचं छप्पर त्याच्या हातात होतं, तोपर्यंत तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं नाही. म्हणजे आधी नोकरीची दोरी सुटली, मग नाव घेता आलं. चित्रपटातलं हे खरं आपण उचललं पाहिजे. बाकीच्या हळवेपणाचं कौतुक करायला इतर लोक आहेत.

पण या चित्रपटात एक मोठी पोकळी आहे. रत्नाची जात कोणती, अश्विनची कोणती, याबद्दल तो बोलत नाही. परीक्षणांनीही 'वर्गभेदाच्या पलीकडचं प्रेम' म्हणून विषय मिटवला.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात घरकाम करणाऱ्या बायकांसोबत आम्ही हा चित्रपट पाहिला. संपल्यावर पहिला प्रश्न आला, "पगार किती होता गं तिला?" दुसरा, "आठवड्याची सुट्टी होती का?" तिसऱ्या बाईने विचारलं, "ती कोणाची होती? म्हणजे, कोणत्या समाजाची?" आणि एक जण शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे असं झालं असतं ना, तर साहेबाच्या आईने दुसऱ्या दिवशी चोरीची केस टाकली असती." चार बायका, चार वाक्यं. पगार, सुट्टी, जात आणि पोलीस. समाजशास्त्राच्या एम.ए.ला दोन वर्षं घालवून मी जे शिकले, ते या बायकांनी पाच मिनिटांत मांडलं.

'वर्ग' म्हटलं की जात दिसेनाशी होते

'हा वर्गाचा प्रश्न आहे, उगाच जात आणू नका,' असं सांगणारे मित्र आपल्याला भेटतात. त्यांनी पुण्यात २०१७ मध्ये काय झालं ते आठवावं. एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चोरीची तक्रार नव्हती, विषबाधेचीही नव्हती. तक्रार अशी होती की, स्वयंपाकीण ब्राह्मण नसताना तिने ब्राह्मण सुवासिनी असल्याचं भासवलं आणि आमचं सोवळं मोडलं. बोभाटा झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. पण पोलीस ठाण्यापर्यंत जायचा आत्मविश्वास कुठून आला होता? ती स्वयंपाकीण तर मराठा समाजाची होती. तिच्या हातचं चालत नाही, मग संडास-बाथरूम धुणाऱ्या आपल्या बाईचा नंबर कितवा?

घरकाम हे एकच काम नाही, त्यातही उतरंड आहे. देवघर आणि स्वयंपाक कोणाकडे, धुणंभांडी कोणाकडे, संडास कोणाकडे, हे जाऊन विचारा. पगारावरून ते कळणार नाही, आडनावावरून कळेल. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर केलेली वाटणी आहे, असं बाबासाहेब सांगत होते, ते हेच.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट मांडली. जात म्हणजे दारं बंद करून घेतलेला वर्ग. ही दारं कशाने बंद झाली? जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या नियमाने. म्हणून वर्ग आणि जात यांत 'हे की ते' असा वाद घालण्यात अर्थ नाही. वर्गाचं दार पैशाने किलकिलं होऊ शकतं. जातीच्या दाराची कडी बेटी व्यवहाराची आहे आणि ती बाईच्या शरीरावर बसवलेली आहे. मालक-मोलकरणीच्या प्रेमाकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: या प्रेमाने ती कडी निघाली का?

इंग्लंडमधली एक पेटी

जिथे आपल्यासारखी जात नव्हती, तिथेही काय झालं ते पाहू. आर्थर मन्बी हा लंडनमधला बॅरिस्टर, कवी आणि सरकारी कचेरीतला सभ्य गृहस्थ. हॅना कलविक ही श्रॉपशायरच्या खेड्यातून आलेली, लहानपणापासून घरकाम करणारी मोलकरीण. १८५४ मध्ये लंडनच्या रस्त्यावर दोघांची भेट झाली. त्यानंतर जवळजवळ १९ वर्षं त्यांचं प्रेम गुपचूप चाललं. जानेवारी १८७३ मध्ये त्यांनी लग्न केलं, तेही गुपचूप. लग्नानंतर हॅना त्याच्या घरी राहायला आली ती मोलकरीण म्हणूनच. पाहुणे आले की ती दार उघडायची, चहा द्यायची आणि आत जायची. ती या घराची मालकीण आहे हे पाहुण्यांना माहीत नसायचं.

ती त्याला 'मासा' म्हणायची. अमेरिकेतले गुलाम आपल्या धन्याला ज्या शब्दाने हाक मारायचे, तोच हा शब्द. तिच्या गळ्यात एक साखळी होती, तिला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याकडे होती. त्याच्या सांगण्यावरून ती रोज डायरी लिहायची: किती बूट पुसले, किती शेगड्या साफ केल्या, हात किती काळे झाले. आणि तो सभ्य गृहस्थ ते प्रेमाने वाचायचा.

हॅना बिचारी होती, असं मात्र समजू नका. 'लेडी' होऊन हातमोजे घालून बसणं तिला नको होतं. स्वतःच्या कष्टाने कमावलेल्या पैशाचा तिला अभिमान होता आणि लग्नाच्या कागदाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. १८७७ मध्ये ती त्याचं घर सोडून गेली. संबंध तुटला नाही, पुढे तो तिला भेटायला जात राहिला. १९०९ मध्ये ती गेली, १९१० मध्ये तो गेला. त्याने डायऱ्या आणि फोटो पेट्यांत भरून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला दिले आणि अट घातली, १९५० पर्यंत उघडायचं नाही.

विचार करा. लग्न कायदेशीर. दोघंही इंग्रज, दोघंही ख्रिस्ती. कोणी त्यांचा खून करणार नव्हतं. तरी या माणसाने आपल्या बायकोला जिवंतपणी स्वयंपाकघरात लपवलं आणि मेल्यावर पेटीत. त्याचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षं टिकलेलं प्रेम खोटं कसं असेल? पण त्या खऱ्या प्रेमाने इंग्लंडमधल्या एकाही मोलकरणीचा दर्जा बदलला नाही. हॅनाचाही नाही. प्रेम खरं असणं आणि प्रेम मुक्तिदायी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनुलोम चालतं, प्रतिलोम चालत नाही

आता आपल्याकडे या. आपल्याकडे या चोरवाटेचं शास्त्रच लिहिलेलं आहे. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालच्या वर्णाची स्त्री म्हणजे अनुलोम. ते कमी प्रतीचं, पण चालवून घेण्यासारखं. खालच्या वर्णाचा पुरुष आणि वरच्या वर्णाची स्त्री म्हणजे प्रतिलोम, ते घोर पाप. मनुस्मृतीने शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्रीच्या संततीला चांडाळ ठरवलं, ते याच हिशेबाने. जे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलं गेलं, त्याच्या पोटात हा हिशेब होता.

आणि हे फक्त पोथीत राहिलं असंही नाही. १९१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुषाचं लग्न अवैध ठरवलं. १९२२ मध्ये त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्रीचं लग्न वैध मानलं. तेच शहर, तेच न्यायालय. फरक फक्त दिशेचा. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंची लग्नं दोन्ही दिशांनी वैध आहेत, हे सांगायला १९४९ चा कायदा यावा लागला.

त्याच जुन्या हिंदू कायद्यात 'दासीपुत्र' नावाचा एक शब्द आहे. मालकाला दासीपासून झालेला मुलगा. शूद्र बापाच्या दासीपुत्राला इस्टेटीत वाटा मिळायचा. बाप वरच्या तीन वर्णांतला असेल तर मुलाला फक्त पोटगी, वाटा नाही. दासीशी संबंध ठेवायला धर्माची ना नव्हती, तिच्या पोरासाठी नियमही तयार होते. वारसा मात्र कुलीन घरातच राहील याची पक्की काळजी घेतली होती. म्हणून मी म्हणते, मालक आणि मोलकरणीचा गुपचूप संबंध हा जातीचा नियम मोडत नाही. तो त्याच नियमातलं एक पोटकलम आहे.

आता दिशा उलटी करा. मालकीण सवर्ण आणि तिच्या घरी गाडी चालवणारा, पाणी भरणारा मुलगा आपला. या गोष्टीवर हळवा चित्रपट निघतो का? आपल्याकडे याची उत्तरं गावांच्या नावांनी लक्षात राहतात. २०१४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं. संशय एवढाच होता की, त्याचं वरच्या जातीतल्या मुलीशी काहीतरी आहे. तीन वर्षांनी सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. एका दिशेच्या प्रेमाला टाळ्या आणि दुसऱ्या दिशेच्या नुसत्या संशयाला झाडाला लटकवलेलं प्रेत. ज्यांना 'प्रेमाला जात नसते' म्हणायचं आहे, त्यांनी ते खर्ड्याच्या वेशीवर उभं राहून म्हणावं.

लपणं वेगळं, लपवणं वेगळं

इथे एक आक्षेप येईल. 'ताई, आपली आंतरजातीय जोडपीसुद्धा लपूनच लग्न करतात. मग तीही चोरवाट का?'

नाही. लपणं आणि लपवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोघं मिळून मारेकऱ्यांपासून लपतात, ते जगण्यासाठी. त्यांना उघड व्हायचं असतं, म्हणून तर ती नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढतात. आणि तिथे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस त्यांचं नाव-गाव भिंतीवर लावते. त्या तीस दिवसांत ती कुठे राहणार, त्यांना कोण आसरा देणार, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

लपवणं म्हणजे दोघांपैकी एकाने दुसरीला झाकून ठेवणं. तिथे धोका दोघांना सारखा नसतो. गुपित फुटलं तर त्याची थोडी बदनामी होते, मित्र खांद्यावर हात ठेवतात, फार तर तो परदेशी जातो. तिची नोकरी जाते, खोली जाते, सोसायटीच्या गेटवरचा पास जातो आणि शेजारच्या चार घरची कामंही जातात. गावाकडे धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. ज्या गुपिताची किंमत एकालाच मोजावी लागते, त्याला दोघांचं गुपित म्हणत नाहीत.

'पण तिचीही मर्जी होती ना?' हो, असू शकते. मोलकरणीला मन नसतं असं मी म्हटलं तर तो तिचाच अपमान होईल. पण मर्जी मोजायची एक साधी कसोटी आहे. तिने 'नाही' म्हटलं असतं तर उद्या सकाळी तिची नोकरी राहिली असती का? 'नाही' म्हणायची सोय नसेल तर 'हो'ला वजन नसतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रारीचा अधिकार दिला आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची आहे. तुमच्या वस्तीतल्या किती बायकांना ही समिती कुठे बसते हे माहीत आहे? तुम्हाला तरी माहीत आहे का?

बाबासाहेबांचा बेटी व्यवहार चोरटा नव्हता

जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये लिहिलं. अनेक जण हे वाक्य अर्धं वाचतात आणि त्याचा अर्थ 'प्रेम करा, जात जाईल' असा लावतात. बाबासाहेब पुढे विचारतात की, लोक अशी लग्नं का करत नाहीत. आणि उत्तर देतात, कारण त्यांचा धर्म, त्यांची शास्त्रं त्यांना ते पाप आहे असं शिकवतात. म्हणजे विवाह हा उघड, जाहीर, शास्त्राला आव्हान देणारा व्यवहार असायला हवा. शास्त्राच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या अंधारात उरकलेल्या संबंधाने शास्त्राला ओरखडाही पडत नाही.

त्यांनी स्वतः काय केलं? १५ एप्रिल १९४८ रोजी, देशाचे कायदामंत्री असताना, दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. स्त्री डॉक्टर, स्वतःच्या पायावर उभी, जन्माने सारस्वत ब्राह्मण. म्हणजे शास्त्राच्या भाषेत थेट प्रतिलोम. सगळ्या देशाला कळेल असा. आणि याच माईसाहेबांना आपल्यातल्याच लोकांनी वर्षानुवर्षं काय काय बोल लावले, तेही विसरू नका. उघड विवाहाची किंमत बाईला आपल्या चळवळीतही मोजावी लागली आहे.

त्याआधी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की, नवऱ्याची मैत्रीण होऊन, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. श्रोत्यांमध्ये किती जणी गिरणीत, बिडीच्या कारखान्यात, लोकांच्या घरी राबत असतील. हॅनाच्या गळ्यातली साखळी आणि नागपूरचा हा उपदेश शेजारी ठेवून बघा.

तथागतांनीही सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराप्रती पाच कर्तव्यं सांगितली आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारपणात काळजी घ्या, घरात गोडधोड झालं तर त्यातलं द्या, वेळेवर सुट्टी द्या. पत्नीप्रती कर्तव्यं वेगळी सांगितली: तिचा सन्मान करा, तिचा अवमान करू नका, तिच्याशी एकनिष्ठ राहा, घराचा अधिकार तिच्या हाती द्या. दोन नाती, दोन दिशा, दोन्हींची कर्तव्यं स्पष्ट. मोलकरणीला पत्नीचं प्रेम मागायचं आणि पत्नीचा अधिकार द्यायचा नाही, त्यावर पगाराची सुट्टीही खायची, ही भेसळ धम्मात बसत नाही.

आता आपल्या घरात बघू

इथपर्यंत वाचताना तुम्ही सवर्णांना शिव्या देत असाल तर थांबा. आरक्षणातून, शिक्षणातून, बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातलेही काही जण फ्लॅटमध्ये राहायला गेले. आनंद आहे. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. त्याच घरात सकाळी सात वाजता एक मावशी येते. तिचा कप वेगळा आहे का? ती लिफ्टने येते की जिन्याने? तिला महिन्यातून किती खाडे माफ आहेत? ती मातंग आहे, पारधी आहे की तुमच्याच गावकुसाची बौद्ध आहे, हे तुम्ही कधी विचारलं का, आणि विचारलं असेल तर कशासाठी?

आणि त्या मावशीची मुलगी बी.कॉम. झाली, तुमच्या इंजिनिअर मुलाला ती आवडली, तर? मला माहीत आहे काय होतं. वधू-वर सूचक मेळाव्यात 'उच्चशिक्षित, सुस्थितीतील, बौद्ध' असं छापून येतं, आणि त्यातही कोणी हळूच पोटजात विचारतं. 'आपल्या बरोबरीचं घर' हा शब्द आपण कोणाकडून शिकलो? आपणही दार बंद करून घेतलेला एक छोटा वर्ग व्हायला निघालो आहोत का? वर्गाने दारं बंद करून घेतली की त्याचं काय होतं, ते बाबासाहेबांनी १९१६ मध्येच सांगून ठेवलं आहे.

माझा राग त्या तरुणांवरही आहे जे कॉलेजात एखाद्या वस्तीतल्या मुलीशी दोन-तीन वर्षं फिरतात, क्रांतीच्या गप्पा मारतात, आणि नोकरी लागली की 'घरचे ऐकत नाहीत' म्हणून पाठ फिरवतात. हे कार्यकर्ते जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतात. त्यांनी मुलीला मित्रांपासून लपवलं, घरापासून लपवलं, फोटोतून कापलं. मन्बीने निदान पेटी तरी जपून ठेवली होती.

मग करायचं काय?

पहिलं काम भाकरीचं. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरकामगार बाईची नोंदणी करून घ्या, ओळखपत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करा. कल्याण मंडळ म्हणजे किमान वेतन नव्हे, हेही लोकांना सांगा. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की, घरकामगारांसाठी कायद्याची गरज तज्ज्ञ समितीकडून तपासा. हा विषय चळवळीने उचलायला हवा. ठरलेला पगार, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा. बाईच्या 'नाही' म्हणण्याला ताकद यातून येते, आणि तिच्या 'हो'लाही.

दुसरं काम आसऱ्याचं. प्रत्येक शहरातल्या आपल्या संघटनेकडे दोन-चार घरं अशी असली पाहिजेत, जिथे नोटिशीचे तीस दिवस एखादं जोडपं सुरक्षित राहील. एक वकील, एक कार्यकर्ता, पोलीस ठाण्यात सोबत जाणारी एक बाई. भाषणं पुष्कळ झाली, आता खोल्या लागतील.

तिसरं काम प्रत्येकाचं स्वतःचं. ज्या माणसावर तुमचं प्रेम आहे, तिचं नाव तुमच्या आईसमोर, तुमच्या मित्रांसमोर, तुमच्या बुद्धविहारात घेता येतं का? येत नसेल तर कारण तपासा. दोघांच्या जिवाला धोका असेल तर संघटनेकडे या, आम्ही सोबत आहोत. कारण तुमच्या प्रतिष्ठेचं असेल, तर त्याला प्रेम म्हणून मिरवू नका, आणि त्यावर बाबासाहेबांचं नाव तर अजिबात लावू नका.

रत्नाने घर सोडलं, काम मिळवलं, मग नाव घेतलं. तिने क्रम बरोबर लावला. आपल्या आयाबहिणींना नाव घेण्यासाठी घर सोडून पळावं लागू नये, एवढी व्यवस्था उभी करणं हे आपलं काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!